दुसऱ्याने बांधलेली नाडी

"जगातली सगळी गुलामगिरी," बाई म्हणाल्या, "दुसऱ्यानं बांधलेल्या बुटाच्या नाडीपासून सुरू होते."

"मग आमचे गुलाम आता सोडा की!" दाराबाहेरून एक आजोबा ओरडले. "शाळा सुटून अर्धा तास झाला!"

बाकीचे वर्ग घंटा होताच भसाभस रिकामे झाले होते. बालवर्गाचे दार तेवढे बंद होते आणि आत मुले जमिनीवर बसून आपापल्या बुटांशी कुस्ती करत होती. कुणाचा डावा पाय उजव्या बुटात होता, तर कुणी नाडीला इतक्या गाठी मारल्या होत्या की बूट आता फक्त कात्रीने निघाला असता. बाई मधोमध उभ्या राहून समाधानाने बघत होत्या.

मुलाला मदत करायची नाही, हा बाईंचा धर्म होता. डब्याचे झाकण निघत नाही? जमेल. बटण लागत नाही? जमेल. नाक वाहते आहे? नाक तुझे, रुमाल तुझा, जमेल. एकदा एका मुलाचे डोके स्वेटरमध्ये अडकले, तेव्हा त्याने सबंध कविता स्वेटरच्या आतून म्हटली होती. बाईंच्या मते त्या दिवसापासून त्याचा आवाज सुधारला.

घरीही वेगळे नव्हते. नवऱ्याच्या शर्टाचे बटण तुटले की बाई सुईदोरा त्याच्यासमोर ठेवत. लवकरच नवरा टीशर्ट वापरू लागला. तो स्वावलंबी झाला, असे बाई सांगत. तो काहीच सांगत नसे.

मुले रडकुंडीला येतील तसे शाळेतल्या मावशी त्यांना दोन-दोन करून हात धुवायला नळावर नेत. पाण्याने डोके थंड होते, एकाग्रता वाढते, आणि मूल परत येते ते बुटाची नाडी व्यवस्थित बांधूनच, हा शोध बाईंनी स्वतः लावला होता.

हा वर्ग म्हणजे बाईंचा जीव होता. वरचे वर्ग त्यांना दोनदा देऊ केले, दोनदा त्यांनी नाकारले. "तिथं पोरं येतात ती वाळलेली लाकडं. त्यांना फार तर रंग देता येतो."

पण पालकांचा रंग आता निराळा होता. त्यांचा पुढारी एक वकील होता. त्याची मुलगी बाईंच्या वर्गात होती. अंगाने बारीक आणि कामाला सावकाश म्हणून सगळे तिला मुंगी म्हणत. मुंगी सुटायची वाट बघण्यात वकिलाच्या तारखा चुकत होत्या. "जजला काय सांगू? माझी पोरगी लेस बांधत होती?" असे तो फाटकाशी रोज विचारे आणि फाटकाशी उभे सगळेजण माना डोलावत. शेवटी त्याने हेडसरांना सभा बोलवायला लावली.

हेडसर न्यायी होते. जो शेवटी बोले त्याचे त्यांना पटे.

सभा बालवर्गातच भरली. मुले भिंतीशी जमिनीवर बसली आणि पालक मुलांच्या खुर्च्यांवर, गुडघे हनुवटीला लावून. त्यामुळे आधीच तापलेली मंडळी आणखीच तापली.

"बाई, तुम्ही पगार कशाचा घेता?" वकिलाने सुरुवात केली. "पोरांकडे बघायचा. नुसतं बघत राहायचा नाही!"

"तुम्ही मुलगी घडवायला पाठवलीत की सामान ठेवायला?"

"सामान बरं. पावती दाखवली की वेळेवर मिळतं तरी!"

खुर्च्या हसल्या. एक आई उठली. "आमचा घरी म्हणतो, आई, तू हात लावू नकोस. दात घासायला पाऊण तास! रोज बस चुकते, आणि रिक्षात वर मलाच म्हणतो, आई, जमेल."

"बघा," बाई खूश होऊन म्हणाल्या.

"काय बघा? डोंबल?"

हेडसर घसा साफ करू लागले, तेवढ्यात बाईंनी आवाज चढवला. "माझ्या वर्गातलं एकूण एक मूल आज स्वतःची नाडी स्वतः बांधतं. कुणालाही बांधायला लावा. नाही आली, तर हा वर्ग मी आत्ता सोडते."

"ऐकलंत ना सगळ्यांनी?" वकील म्हणाला. "मुंगे, इकडे ये."

मुंगी आली. बाईंनी सांगितल्यावर तिने एका बुटाची नाडी सर्रकन सोडली.

"शाब्बास. आता बांध."

आपला हात चुकूनही पुढे जाऊ नये म्हणून बाईंनी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले. मुंगीने नाडीकडे पाहिले. बाईंकडे पाहिले. मग बूट फटफटवत ती दाराशी उभ्या असलेल्या मावशींकडे गेली आणि सवयीने पाय पुढे केला.

"आत्ता नको गं बाळा," मावशी कुजबुजल्या.

ती कुजबुज सगळ्या खोलीला ऐकू गेली.

"मावशी?" बाई म्हणाल्या.

"काय करू मग, बाई? बाहेर माणसं तुम्हाला शिव्या देतात, आत पोरं रडतात. नळावर नेते ना, तिथं भिंतीआड देते बांधून. दोन-दोनच नेता येतात, म्हणून तर उशीर होतो."

"सगळ्यांच्या?"

"सगळ्यांच्याच."

"कधीपासून?"

मावशींनी पदराने तोंड पुसले. "तुम्ही शाळेत लागलात तेव्हापासून."

कुणी हसले नाही. हसण्यासारखे होते, पण बाईंच्या तोंडाकडे बघून हसू येईना.

"म्हणजे माझंच सगळं कुणी बांधून देत होतं," त्या म्हणाल्या.

"असं नका ना बोलू, बाई."

"सोमवारपासून तुम्ही वाचनालयात बसा," हेडसर चपलांकडे बघत म्हणाले. "शांत आहे तिथं. मुलं फिरकत नाहीत."

बाईंनी मान हलवली. हात मात्र पाठीमागेच होते.

समारोप करायला वकील उठला. "मंडळी, मुलाला वेळेवर हात देणं, यालाच..." आणि त्याच्याबरोबर खुर्चीही उठली. तिला इवलेसे हात होते आणि त्या हातांनी वकिलाला दोन्ही बाजूंनी कवटाळले होते. तो खाली बसला. पुन्हा उठला. खुर्ची पुन्हा उठली. मावशी लगबगीने पुढे झाल्या.

"मावशी," बाई एवढेच म्हणाल्या. मावशी जागच्या जागी थांबल्या.

हेडसर छताकडे पाहू लागले. बाकीचे पालक उठायच्या बेतात होते, त्यांनी तो बेत रद्द केला. कुणालाच आपल्या खुर्चीची खात्री वाटेना. वकील पाठीला खुर्ची लावून, वाकून, घाम पुसत उभा होता.

मुंगी सुटलेली नाडी फरफटवत बापासमोर आली. तिने त्याला नीट खालीवर पाहिले. दोन्ही हात पाठीमागे घेतले, एकमेकांत घट्ट धरले आणि म्हणाली, "जमेल."

वकिलाने आणखी एकदा जोर लावून पाहिला. मग वाकल्या वाकल्याच मान वर केली.

"बाई," तो हळूच म्हणाला, "तिला सांगा ना जरा खुर्ची धरायला."