बिनशाईचा पेन

मित्रांनो, माझ्यात शाई नाही. काचेच्या पाटीवर फिरवला की रेघ उमटते, असा मी एक जुना पेन आहे. अंगावरचा रंग उडालाय. बटण मनात आलं तर ऐकतं, नाहीतर नाही.

कारखान्यातून मी थेट चित्रं काढणाऱ्या एका ताईच्या टेबलावर आलो. तेव्हा ती मला घटकाभर खाली ठेवत नसे. भाजी निवडणारी आई, दारात भांडणाऱ्या शेजारणी, खुर्चीत पेंगणारे बाबा, दिसेल ते काढायची. बाबा कुरकुरायचे, "मी झोपलो की बरा सापडतो तुला." किती मजेचे दिवस होते ते!

मग ताई एका ॲपवरून चित्रांची कामं घेऊ लागली. काम आलं की फोन वाजतो. लगेच होकार दिला नाही, तर काम दुसऱ्याकडे जातं आणि ॲपच्या यादीत आपलं नाव खाली घसरतं. ती घास हातात धरून होकार द्यायची. गिऱ्हाइकांना हवे असायचे हसरे चेहरे, तेही तासाभरात. शेवटी ताईने डोळे, नाकं, ओठ एकदाच काढून ठेवले. काम आलं की उचलायचे आणि चिकटवायचे. "काय सफाई आहे," असं गिऱ्हाइकं लिहायची. ताईला त्याचं काही वाटेनासं झालं. मलाही.

बाबा गेले, त्या आठवड्यातही ती होकार देत होती.

एका दुपारी आई तिच्याजवळ येऊन बसली. "यांचा एक धड फोटो नाही गं. प्रत्येकात डोळे मिटलेले. तू काढून दे ना. मी चेहरा विसरायच्या आत."

ताईने फोन पालथा ठेवला. मला हातात घेतलं. हात काचेवर टेकला, थांबला आणि मग सवयीने सरसर चालू लागला. भुवया, डोळे, हसरे ओठ. तिने पुसलं, पुन्हा काढलं. पुन्हा तेच आलं. अंधार पडल्यावर तिने पाटी आईपुढे धरली.

आईने चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. "छान आहे हं," ती म्हणाली. "कोण आहे हा?"

ताईला रडूही आलं नाही. फोन वाजला, तिने होकार दिला.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. मी बिघडलो तर दुसरा मिळेल. तुमच्या हाताला मात्र जपा. त्याला अधूनमधून कुणी न मागितलेलं, वेळखाऊ, फसलं तरी चालेल असं काहीतरी करू द्या. आमचं ते राहून गेलं. बाबांना कसं काढायचं, हे आता आम्हा दोघांनाही आठवत नाही.