पडद्याआडचा सव्वा तास

गडबच्या जितेशनं गावात सांगितलं होतं की तो एक्स-रे काढायचं शिकतोय. आईलाही त्यानं तेच सांगितलं होतं. खरं तर पेणच्या एका संस्थेत तो रुग्णसेवेचा एक वर्षाचा कोर्स करत होता. कंपनीतलं कंत्राट सुटल्यावर चार महिने घरी बसून काढले, आणि मग एका ओळखीच्या माणसानं ह्या कोर्सचं नाव सुचवलं. वर्गात एकोणीस मुली होत्या आणि मुलगा तो एकटा.

काम त्याला जमत होतं. रबरी पुतळ्याला कुशीवर वळवणं, नाडी मोजणं, माणूस पलंगावर असतानाच खालची चादर बदलणं हे सगळं तो पटकन शिकला. चादरीचे कोपरे तर त्याच्यासारखे कुणाला दुमडता येत नसत. शिकवणाऱ्या नूतन मॅडमनी एकदा सगळ्या मुलींना बोलावून त्याचा पलंग दाखवला होता. जितेशला बरं वाटलं, आणि दुसऱ्याच क्षणी वाटलं, हे गावात कुणाला कळायला नको.

चार महिन्यांनी हॉस्पिटलमधलं प्रशिक्षण सुरू झालं. पेण किंवा रोहा, दोन्हींतलं एक निवडायचं होतं. पेणच्या हॉस्पिटलात गडबचं कुणी ना कुणी रोज असणार, म्हणून जितेशनं रोह्यासाठी हात वर केला. त्याच्याबरोबर वर्गातली, जिते गावची दिशा आली. तिला रोह्याची रेल्वे सरळ मिळायची. दोघांची पुरुषांच्या वॉर्डात जोडी लागली.

चार नंबरच्या पलंगावर नूरमहंमदचाचा होते. वय चौऱ्याहत्तर. उभं आयुष्य परदेशी जहाजांवर स्वयंपाक करण्यात गेलेलं, आणि आता घराच्या ओट्यावरून पडून खुब्याचं हाड मोडलेलं. पायाला वजन बांधून त्यांना उताणं ठेवलं होतं. ऑपरेशन गुरुवारी होणार होतं. त्यांची मुलगी बिल्किस रोह्यातच दिलेली होती. ती दुपारी डबा घेऊन यायची.

चाचा फार कमी बोलत. शौचासाठी पॅन हवं असलं तरी नाव घेत नसत. दिशाकडे न बघता जितेशला नुसती बोटानं खूण करत. मग दोघं पडदा ओढून घेत. चाचा डोक्यावरच्या दांडीला धरून अंग जरा उचलत, जितेश कमरेखाली हात घालून आधार देत असे आणि दिशा पॅन सरकवत असे. रोह्यालाही देखरेखीला असलेल्या नूतन मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "पॅनवरचा माणूस सोडून कुठं जायचं नाही. एकानं पडद्याबाहेर उभं राहायचंच. पाच-दहा मिनिटांत काढायचं. त्यांच्या हाडावर कातडीशिवाय काही राहिलेलं नाही."

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी त्यांनी चाचांना पॅन दिलं. दिशानं तक्त्यावर वेळ लिहून सही केली. तेवढ्यात तिला बायकांच्या वॉर्डातून हाक आली.

"मी जाते. तू थांब हां," ती म्हणाली आणि गेली.

भेटीची वेळ होती. वॉर्ड माणसांनी भरलेला. कुणी मोबाइलवर मोठ्यानं बोलत होतं, कुणी केळी सोलत होतं. जितेश पडद्याबाहेर उभा होता. त्याच्या एका हातात दुसऱ्या पेशंटचं लघवीचं भांडं होतं. ते ओतून यायचं होतं. आणि दारातून मोरूकाका आत आले.

मोरूकाका म्हणजे गडबला जितेशच्या घरासमोरच राहणारे. त्यांच्या मुलीचा सासरा अकरा नंबरला होता. त्यांनी अजून जितेशला पाहिलं नव्हतं. जितेशनं ते भांडं चाचांच्या पलंगाखाली सरकवलं, अंगातला कामाचा निळा अंगरखा डोक्यावरून काढून चुरगाळून खिडकीत टाकला आणि आपणच पुढे गेला.

"मोरूकाका, तुम्ही इकडं?"

"अरे जितेश! व्याही हाय ना माझा हितं. तू कसा? शिकायला रोज येतोस तो ह्याच हॉस्पिटलात काय?"

"व्हय. एक्स-रेचं खाली आहे. असाच वर आलो होतो."

अकरा नंबरपाशी काका पाच मिनिटं बसले. जितेश बाजूला उभा राहिला. आता कुठून तरी "ब्रदर, जरा भांडं द्या" अशी हाक येईल, हीच एक भीती. पडद्याकडं त्याचं लक्ष होतं. पडदा हलत नव्हता. काका उठले तसा तो म्हणाला, "चला, चहा घेऊ."

त्यांना बाहेर काढायचं आणि परत यायचं, एवढंच त्याच्या मनात होतं. पण टपरीवर काकांना गप्पांचा मूड आला. त्यांनी कंपनीत कुणाकुणाला घेतलं ते सांगितलं, शेताच्या बांधाची भानगड सांगितली, जितेशच्या लग्नाचं विचारलं. मग म्हणाले, "एसटी कुठून लागंल रे नागोठण्याची?" जितेश स्टँडपर्यंत गेला. गाडी लागलेली नव्हती. दोन वेळा त्याला वाटलं, आता निघतो म्हणावं. पण काय काम आहे म्हणून सांगणार? दिशा आली असेल परत, तिनं काढलं असेल, असं तो स्वतःला सांगत राहिला. गाडी सुटल्यावर तो धावत निघाला. वॉर्डात पोचला तेव्हा बारा वाजून पंचवीस मिनिटं झाली होती.

पडदा उघडा होता. बिल्किस पलंगापाशी उभी होती, डबा खाली जमिनीवर. वॉर्डात काम करणाऱ्या हौसामावशी ओली चादर गोळा करत होत्या. त्या दोघींनीच पॅन काढलं होतं. घामानं कातडी पॅनच्या काठाला चिकटली होती. ओढताना ती सोलली. चाचा डोळे मिटून पडले होते, त्यांच्या ओठांवर दातांचे व्रण होते.

"सव्वा तास," बिल्किस म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "मी आले तेव्हा हात दांडीला होते त्यांचे. हात थरथरत होते. कुणी ठेवलं होतं?"

नूतन मॅडमनी तक्ता बघितला. दिशाची सही. दिशाला बोलावलं. ती धावत आली, तिनं चाचांकडं बघितलं आणि तिचा चेहरा उतरला.

"मॅडम, मला तिकडं बोलावलं होतं. जितेश थांबला होता इथं."

सगळे जितेशकडं बघू लागले. अंगरखा त्यानं येताना घाईत घातला होता, तो उलटा होता.

"मला वाटलं," जितेश म्हणाला, "तिनं काढलं असेल. मला ती नीट काही बोलली नाही."

दिशा त्याच्याकडं बघत राहिली. बिल्किसनं तिलाच खडे बोल सुनावले. मॅडम म्हणाल्या, सही जिची, जबाबदारी तिची. तिला त्यांनी दुसऱ्या दिवसापासून हॉस्पिटलात येऊ नको म्हणून सांगितलं. दिशानं पिशवी उचलली आणि ती स्टेशनकडं गेली.

संध्याकाळी जितेश घरी पोचला, तर आई खुशीत होती. मोरूकाका येऊन गेले होते. "भावजी सांगत होते, साहेबासारखा फिरत होतास म्हणे. चहा पाजलास, गाडीत बसवलंस. बरं केलंस हो." तिनं त्याच्या ताटात जास्तीचा घावन वाढला. जितेशनं घावन तसाच ठेवला. पोट बिघडलंय म्हणून तो उठला आणि मोरीत जाऊन हात धूत राहिला.

बुधवारी सकाळी सर्जन आले. त्यांनी जखम बघितली आणि मान हलवली. कमरेच्या खाली, माकडहाडाजवळ, तळहाताएवढी कातडी गेली होती. "ही भरल्याशिवाय मी हात लावणार नाही. आत जंतू गेले तर पाय जाईल." गुरुवारचं ऑपरेशन रद्द झालं. बिल्किसनं ओढणीचं टोक तोंडाशी धरलं. चाचांनी फक्त विचारलं, "म्हणजे अजून किती दिवस असंच?" सर्जन म्हणाले, दहा-बारा तरी.

जितेश चादरींच्या कपाटापाशी उभा राहून ऐकत होता. तो तिथून थेट नूतन मॅडमच्या टेबलापाशी गेला.

"मॅडम, दिशा खरं बोलत होती. ती मला थांब म्हणाली होती. मी वॉर्ड सोडून गेलो."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "कुठं?"

"चहाला."

"का?"

त्यानं सांगितलं. सांगताना त्याला स्वतःलाच ते कारण इतकं हलकं वाटलं की शेवटचे शब्द तोंडातच राहिले. मॅडमनी समोरची वही मिटली. मग म्हणाल्या, "हे मला सांगून झालं. आता ज्यांना सांगायचं त्यांना सांग. मी येते बरोबर, पण बोलायचं तू."

बिल्किस चाचांना पेज भरवत होती. जितेश पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिला आणि सगळं बोलला. दिशाचं नाव आलं तसा बिल्किसनं चमचा वाटीत ठेवला.

"म्हणजे काल त्या पोरीवर ढकललंस तू. आमच्यासमोर उभं राहून. आणि मी तिला काय काय बोलले!"

"व्हय."

"गेलास कशाला पण? कोण आलं होतं एवढं?"

"गावचा माणूस. मी हे काम करतो ते गावात माहीत नाय. भांडं हातात बघितलं असतं त्यानं. मला... लाज वाटली."

चाचांनी मान वळवली. आल्यापासून पहिल्यांदाच ते त्याच्याकडं सरळ बघत होते.

"तुला लाज वाटली," ते म्हणाले. "आणि मला? पंचवीस माणसं होती वॉर्डात. पडद्यापलीकडं कुणाची तरी पोरं खेळत होती. दोनदा हाक मारली मी, ब्रदर म्हणून, हळूच. तिसऱ्यांदा मारवेना. लोक विचारतील काय झालं, मग काय सांगू? उभा जन्म जहाजावर काढला, कुणाकडं पाणी मागितलं नाय. आणि आता तुझ्यासारख्या पोरासमोर रोज उघडा होतो. लाज कुणाची मोठी रे?"

जितेशनं हात जोडले, पण तेही त्याला दिखाऊ वाटलं म्हणून खाली सोडले.

"ह्याला माझ्या अंगाला हात लावू देऊ नको," चाचा बिल्किसला म्हणाले आणि त्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं.

दिशाला त्याच दिवशी फोन गेला. ती गुरुवारी आली. बिल्किसनं तिचा हात धरून माफी मागितली. जितेश तिला "चुकलो गो" म्हणाला, तेव्हा तिनं औषधांचा ट्रे उचलला आणि पुढे गेली. दर दोन तासांनी चाचांची कूस थोडी बदलायची, पाठीमागं उशी द्यायची, असा तक्ता लागला होता. पायाला वजन असताना हे काम एकटीचं नव्हतं. दिशा आणि हौसामावशी मिळूनही त्यांना ते झेपेना. पहिल्या दिवशी चाचा दोनदा कळवळले. शेवटी बिल्किसच बाहेर येऊन जितेशला म्हणाली, "चल. पण बोलू नकोस काही."

तो न बोलता गेला. चाचांनी डोळे मिटून घेतले. त्यानं कमरेखाली हात घातला तेव्हा त्यांचं अंग आखडलं. ते त्याच्या हातांना कळलं. तसं ते पुढे रोजच आखडत राहिलं. पॅनच्या वेळी पडद्याबाहेर तोच उभा राही, कारण उचलायला तोच लागे. दर मिनिटाला आतून आवाज येई, "आहेस?" तो म्हणे, "आहे, चाचा." परत अर्ध्या मिनिटानं, "आहेस?" त्या प्रश्नात रागाची नावनिशाणी नव्हती, नुसती भीती होती. जितेशला ते ऐकवत नसे. तरी तो दर वेळी उत्तर देई.

त्या रविवारी त्यानं आईला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. एक्स-रेचं खोटं होतं हे ऐकून तिचे हात थांबले. ती म्हणाली, "त्या माणसाचं काय झालं पुढं?" त्यानं जखमेचं सांगितलं. ती उठून आत गेली.

मोरूकाकांना त्यानं हायवेवरच्या दुकानापाशी गाठलं. जी गोष्ट लपवायला एवढं केलं होतं ती सांगायला अर्धं मिनिटही लागलं नाही. काकांना आधी नीट कळलंच नाही.

"म्हणजे त्या टायमाला तुझं पेशंट आत पडलं होतं? आणि माझ्यासंगट तू चहा पीत बसलास?" ते डोकं खाजवत म्हणाले. "मला सांगायचंस ना रे. मी बसलो असतो बाकावर. माझी काय गाडी चुकत होती थोडीच." मग थोड्या वेळानं म्हणाले, "माझ्या बापाचं शेवटी शेवटी असं सगळं करणारं कोण मिळत नव्हतं बघ." आणि ते दुकानात शिरले. जितेशला वाटलं, हसले असते तर बरं झालं असतं.

जखम भरायला तेरा दिवस लागले. मग ऑपरेशन झालं, नीट झालं. चाचा वॉकर धरून पलंगापासून दारापर्यंत चालायला लागले, तेव्हा त्यांना घरी सोडायचं ठरलं. नूतन मॅडमनी जितेशच्या प्रात्यक्षिकाच्या वहीत बाकी सगळ्या ठिकाणी सह्या केल्या. पॅनच्या ओळीवर सही केली नाही. पुढच्या तुकडीबरोबर पुन्हा कर, म्हणाल्या. तो हो म्हणाला.

जायच्या दिवशी बिल्किसच्या नवऱ्यानं गाडी दारात आणली. चाचांनी दिशाच्या डोक्यावर हात ठेवून दुआ दिली. हौसामावशींना पेढे दिले. जितेश व्हीलचेअर ढकलत होता. गाडीच्या दारात त्यानं त्यांना काखेखाली धरून उभं केलं, पाय आत घेतले, पाठीमागं उशी सरकवली. त्यांचं अंग ह्याही वेळी जरा आखडलंच.

"गाव कुठलं तुझं?" त्यांनी अचानक विचारलं.

"गडब."

"हं," ते म्हणाले. आणखी काही तरी म्हणायचं असावं असं त्यांच्या तोंडाकडं बघून वाटलं. पण बिल्किस पलीकडून आत बसली आणि तिनं दार ओढून घेतलं. गाडी फाटकातून बाहेर पडून डावीकडं वळली.

जितेश रिकामी व्हीलचेअर घेऊन वर आला. चार नंबरला दोन वाजता नवीन पेशंट येणार होता. दिशा गादी पुसत होती. तिनं त्याच्याकडं न बघता चादरीचं दुसरं टोक त्याच्याकडं फेकलं, आणि तो कोपरा दुमडायला खाली वाकला.