शुद्ध तुपातला ळ

माझं माहेर लाकडाच्या वखारींच्या अळणावरचं. वरून सागवान आणि आतून पोकळ असले ओंडके लहानपणापासून बघितलेत, त्यामुळे कुणी गोड बोललं की मी आधी त्याला ठोकून बघते. रोहित नावाचा तो तरुण धारवाडजवळ केलगेरीला आमच्या घरी तुपाच्या बरण्या घेऊन आला, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती.

माझी नणंद वेदश्री कॉलेजात तात्पुरती शिकवते आणि स्वयंपाकाचे व्हिडिओ टाकते, अर्धे मराठीत, अर्धे कानडीत. मोबाईल धरायचा आणि पेज सांभाळायचं काम माझं. एकदा दाखवून विसरायच्या जाहिराती ती घेत नाही. म्हणते, "वहिनी, आज हे तेल चांगलं, उद्या ते चांगलं म्हटलं तर परवा माझं कोण ऐकेल?" रोहित वर्षभराचा करार घेऊन आला होता. तो झाला असता तर दर जूनला तिचं नेमणुकीसाठी कॉलेजच्या साहेबांच्या दारात उभं राहणं संपलं असतं.

"कलघटगीला आमच्याच म्हशी आहेत, अक्का," रोहित म्हणाला. मराठी अगदी पुण्याचं. मी कानडीत दोन प्रश्न विचारले, तर नुसता हसला.

वेदश्री म्हणाली, "आधी म्हशी बघते, महिनाभर तूप खाते, मग सही. आज नुसती चाचणी म्हणून दोन ओळी बोला." तिचा तास होता, ती गेली. मी मोबाईल सुरू केला आणि रोहितनं पाठ केलेली ओळ छाती फुगवून म्हटली, "नम्म मनी हाळु, नम्म मनी तुप्पा!"

मी हसून लोळले. कानडीत हालु म्हणजे दूध आणि हाळु म्हणजे वाटोळं. आमच्या घरचं दूध म्हणायच्या जागी गडी 'आमच्या घराचं वाटोळं' म्हणून मोकळा झाला होता! इकडचं शेंबडं पोरसुद्धा हा ळ चुकत नाही. "काय चुकलं, अक्का?" त्यानं विचारलं. मी सांगितलं नाही. भामट्याला शिकवून शहाणं कशाला करायचं?

तो गेल्यावर मी तो तुकडा पेजवर टाकला. वर लिहिलं, 'म्हणे हा कलघटगीचा!' खरं सांगते, नणंदेला वाचवल्याचा मला फार आनंद झाला होता. दुपारपर्यंत हुबळी-धारवाड हसत होतं. कुणीतरी त्याचं 'मनीहाळ', म्हणजे घरबुडव्या, असं नाव ठेवलं. दोन दुकानदारांनी त्याच्या बरण्या परत पाठवल्याचं तिथंच लिहून टाकलं.

वेदश्री संध्याकाळी आली ती तापलेलीच. आल्या आल्या तिनं व्हिडिओ काढून टाकला.

"तुला संशय आला तर मला सांगायचं की! माझ्या नावानं गावाला कशाला सांगितलंस?"

"अगं, लबाड आहे तो."

"असेल. पण आपण जाऊन बघितलं होतं काय?"

तिनं रोहितला दहादा फोन लावला. त्यानं उचलला नाही.

रविवारी आम्ही करारावरच्या पत्त्यावर कलघटगीला गेलो. गोठा निघाला तर माझं नाव भाग्यलक्ष्मी नाही, असं मी वाटेभर म्हणत होते. गोठा निघाला. अकरा म्हशी होत्या आणि गोदावरीअक्का नावाच्या बाई चुलीवर लोणी कढवत होत्या. मी तूप तळहातावर चोळलं, वास घेतला, चाखलं. खोट सापडेना. शेवटी कानडीत विचारलं, "रोहित तुमचा कोण?"

"बहिणीचा मुलगा," त्या कानडीतच म्हणाल्या. "बहीण गेली तेव्हा चार वर्षांचा होता. बापानं पुण्याला नेला. तिथं त्याच्याशी कानडी बोलायला कोण होतं? दोन वर्षांपूर्वी शोधत आला. माझ्याशी बोलता यावं म्हणून शिकत होता. चुकायचा, पण मी हसत नव्हते. हसलं की लेकरू बोलायचं थांबतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वेदश्री हळूच म्हणाली, "करार मी करणार, वहिनी. आणि पहिल्या व्हिडिओत चूक आपली होती हे तू सांगायचंस."

मी मान हलवली.

"तुम्ही त्याच्या ओळखीच्या ना?" गोदावरीअक्का म्हणाल्या. त्यांच्या हातात साधा बटणांचा फोन होता; त्या व्हिडिओचा त्यांना पत्ताच नव्हता. "चार दिवस झाले, फोनवर नुसता मराठीत बोलतो. मी कानडीत विचारते, तो मराठीतच. मला मराठी येत नाही. काय म्हणतो तेवढं सांगता?"

त्यांनी फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"मावशी, म्हशी विकून टाक," रोहित मराठीत म्हणाला. "मी आता तिकडे येत नाही."

अक्का माझ्याकडे वळल्या. "काय म्हणतो हो?"