पटकीचं गाव

रझाकार गेले, त्याच्या दुसऱ्या सालची गोष्ट. करमाडच्या अंगाला आमचं गाव, तिथं पटकी शिरली. औरंगाबादहून दवाखान्याचा माणूस आला. म्हणला, "रोग बारवेच्या पाण्यात हाये, उकळून प्या." तात्यासाहेब पाटील हसले. आजच पितो व्हय आम्ही हे पाणी?

पटकी आली की आमच्यात मरीआईचा गाडा काढायचे. लाकडाचा एवढासा गाडा, त्यात बाईला, म्हंजी मरीआईला, बसवायचं अन् शिवेपल्याड सोडून यायचं. मंग रोग पल्याडच्या गावाला जातो म्हणं. पण औंदा गाडा सोडला तरी तिरड्या थांबंनात. पाटलांच्या डोक्यात आलं, बाईला गाडा पुरंना, तिला राहायला गावच द्यावं.

माझा मालक कडूबा सुतार. मेला कामाला बसला की देवाचं बी ऐकत नाय. त्यानं पाटावर लाकडाचं गाव उभं केलं. चावडी, पार, मसणवटा अन् मधी बारव, पायऱ्यांसकट. दारं समदी उघडी, माणूस एक बी नाय. चावडीच्या चौकटीवर पिंपळपान कोरलं, ती त्याच्या हातची खूण. पाटील म्हणले, "बारवेला आतून मेण लावा अन् आपल्याच बारवेचं पाणी भरा. बाईला वळख पटंल."

"कोणत्या शिवेला ठेवणार?" मी इचारलं.

"उगवतीच्या."

उगवतीला माझ्या सखूचं सासर! मी पाटलांच्या तोंडावर बोलले, "तुमची लेक तिकडं असती तर मावळतीला नेलं असतं!"

"एका पोरीपायी गाव मारू व्हय, आवडाबाई?"

कडूबा खाली मान घालून पटाशी चालवत व्हता. "अवं, बोला की! लेक तुमची बी हाये," मी म्हणले.

"असलं कोण घरात नेतंय," एवढंच पुटपुटला.

गाव शिवेवर ठेवलं अन् इकडं वेस बांधली. बाजाराच्या दिवसापस्तोर कुणी बाहेर जायचं नाय. सखूला सांगाया निघाले तर राखणदारांनी मागं लोटलं. लई शिव्या घातल्या त्यांना. शेवटी दुसऱ्या दिशी वढ्यातनं, काट्याकुट्यातनं गेले. शिवेवर पाट नव्हता. मी तशीच सखूच्या घराकडं पळाले.

सखूच्या ओट्यावर ते गाव मांडलेलं. सखू हसतच बाहेर आली.

"आई, पिंपळपान बघितलं अन् वळखलं, बाबाच्या हातचं! पटकीपायी येता येत नसंल, म्हणून नातीला खेळणं शिवेवर ठिवलं. व्हय ना?"

नात बाना बारवेपाशी बसली व्हती. दोऱ्याला बांधलेला बोटाएवढा पोहरा आत सोडत व्हती. तिचे ओठ ओले व्हते.

"टाक ते, बाई! टाक!" मी किंचाळले.

पोरगी दचकली. पोहरा उपडा करून मला दाखवला.

"आज्जे, पाणी संपलं," म्हणली. "आज्याला सांग, आणखी भर."