दोन साडूंचं सरपण

माणसाची थोरवी मोजायची तर तो दुसऱ्याच्या घरातल्या उबेची किती काळजी वाहतो, यावरून मोजावी. या मापाने त्या दोन साडूंइतकी थोर माणसं शोधून सापडायची नाहीत. फक्त दोघांचाही हेतू एकमेकांचं वाटोळं करण्याचा होता.

सासऱ्यांच्या माघारी घराचे दोन भाग झाले. एकात थोरली लेक आणि तिचा नवरा. तो अग्निशमन दलातून निवृत्त, म्हणून सगळे त्याला बंबवाले म्हणत. दुसऱ्यात धाकटी लेक आणि तिचा नवरा, शिंपी. मागे सुट्या खोलीत सासूबाई. अंगण तेवढं सामाईक.

थंडीला अजून अवकाश होता, तेव्हाच सासूबाईंनी दोन्ही जावयांना बोलावलं. "यंदा माझ्याच्याने सरपण ओढवायचं नाही. कडाका पडला की दोन्ही घरं बघेन. ज्याच्याकडे ऊब जास्त, त्याच्याकडे कायमची येईन."

"अवश्य, अवश्य," दोघे म्हणाले आणि बाहेर येताच पांढरेफटक पडले.

कारण अनुभव होता. बंबवाल्यांकडे त्या मागे थोडे दिवस राहिल्या, तेव्हा येईल त्याला जावई कसा पडला ते सांगत. आगीत नव्हे, दिवा बदलताना, स्टुलावरून. शिंप्याच्या दुकानात बसून त्या गिऱ्हाइकांना म्हणत, "बाही आखूड झालीय हो." बाही आखूड झालेलीच असे, पण बोलून दाखवायचं काय कारण?

सरपण कसं ठेवावं हे बंबवाल्यांना पाठ होतं. फळ्यांवर, जमिनीपासून उचलून. भिंतीपासून लांब, म्हणजे वाळवी घरात शिरत नाही आणि ठिणगी पडली तरी घर वाचतं. वरून ताडपत्री, बाजू उघड्या, म्हणजे वारा खेळतो. जन्मभर लोकांना हेच सांगत आलेल्या माणसाने आता नेमकं उलटं केलं. ओल्या मातीत, भिंतीला खेटून, चहूकडून प्लॅस्टिक गुंडाळून.

"अहो, बुरशी येईल!" बायको म्हणाली.

"येऊ दे. तुझी आई येण्यापेक्षा परवडली."

शिंप्याने खिडकीतून हे पाहिलं आणि आपल्या ढिगावर जसंच्या तसं माप उतरवलं. पहिल्या गारठ्याला दोन्ही शेगड्या पेटवल्या, तर दोन्ही धुरांड्यांतून नुसता काळा धूर. दोन्ही घरं सारखीच गार. सामना बरोबरीत सुटला तर म्हातारी थोरल्या जावयाचा मान राखेल, ही भीती बंबवाल्यांना खाऊ लागली.

दुसऱ्या दिवशी शिंपी दुकानात गेल्यावर ते त्याच्या ढिगापाशी गेले आणि मनात शिव्या घालत सगळी लाकडं भिंतीपासून काढून फळ्यांवर नीट रचली. फळ्याही स्वतःच्या घातल्या. शिंप्याने परत आल्यावर ढीग पाहिला आणि दात खाल्ले. बंबवाले फिरायला निघताच त्याने त्यांचे ओंडके बारीक फोडून, काठाला काठ जुळवून, उन्हात मांडले.

मग अंगणात तोंडाला तोंड लागलं.

"माझी लाकडं फोडायचं धाडस झालं कसं? आणि तीही एवढी बारीक!"

"तुम्ही माझी वाळवलीत त्याचं काय, साडूभाऊ? पुन्हा वाळवाल तर तंगडं मोडीन!"

"अरे, तुझं सरपण कडकडीत वाळवलं नाही तर नाव लावणार नाही!"

यानंतर कोणी आपल्याच ढिगावर बादली ओतावी, की दुसऱ्याने तो लगेच उलटून वाऱ्याला लावावा. बायका गारठून वैतागल्या होत्या. त्यांनी बादल्याच लपवल्या.

कडाका पडला. सासूबाई काठी टेकत अंगणात आल्या. दोन्ही ढिगांतली दोन-दोन लाकडं एकमेकांवर आपटून पाहिली. खणखणीत वाजली.

"शिंप्याकडे जास्त ऊब आहे, आई," बंबवाले घाईने म्हणाले.

"छे छे! यांची शेगडी केवढी मोठी!"

"पुरे," सासूबाई म्हणाल्या. "मी कोणाकडेच येत नाहीये. तुमच्यासारख्यांकडे राहायला माझं डोकं फिरलंय का? मला सरपण वाळवून हवं होतं. सरळ मागितलं असतं तर तुम्ही काडी हलवली नसती. आता दोन्ही ढीग माझ्या पडवीत आणा. भिंतीपासून लांब रचा. आणि शेगडीजवळ लाकूड ठेवाल तर खबरदार. हे मी बंबवाल्याला सांगायचं?"

सुटलो, या आनंदात दोघांनी दिवस मावळेपर्यंत लाकडं वाहिली. शेवटचा ओंडका ठेवल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की आपापल्या घरी आता जाळायला कुबट ढलप्यांपलीकडे काही उरलेलं नाही.

आत सासूबाईंची शेगडी धडधडत होती. दोघी बायका कधीच आईजवळ जाऊन बसल्या होत्या. दोन्ही साडू उंबऱ्यावर उभे, हात काखेत, प्रथमच खांद्याला खांदा लावून. बंबवाल्यांनी सूचक खोकून पाहिलं.

सासूबाईंनी मान वळवली. आवाज एकदम मऊ केला.

"जावईबापू, तेवढं दार ओढून घ्या ना. बाहेरून."