वायरमनकाकांची डबी

दवाखान्यात चाललेल्या त्या अभ्यासात ताईंच्या वाट्याला आलं होतं ते फक्त ऐकणं. क्षय ओळखणारं नवं मशीन खरं सांगतंय की नाही, हे तपासायला डॉक्टरीणबाई होत्या. आणि रोग्याला स्वतःच्या दुखण्याबद्दल काय वाटतं, हे विचारायला ताई. लोक काय काय सांगत! एकाचा खोकला थंड फरशीमुळे, दुसरीचा सासूच्या बोलण्यामुळे. ताई न हसता लिहून घेत, कागद पाकिटात घालून चिकटवत आणि वर सही ठोकत. अभ्यास संपेपर्यंत ते पाकीट कुणी फोडायचं नाही. डॉक्टरीणबाईंनी तर मुळीच नाही, रोग्याच्या समजुतीने त्यांचं निदान हलायला नको. आणि डॉक्टरीणबाई सांगेपर्यंत ताईंनी रोग्याला रिपोर्टबद्दल ब्रही काढायचा नाही. दोन्हीकडून तोंडाला कुलूप. आधीच्या मुलाखतवालीने हे कुलूप एकदा उघडलं, आणि महिन्याच्या आत तिची खुर्ची ताईंना मिळाली.

त्या दिवशी समोर वायरमनकाका बसले होते. चाळीस वर्षं लोकांच्या घरात दिवे लावून निवृत्त झालेला, बडबड्या माणूस. दोन महिन्यांपासून खोकला. मुलाखतीची खोली म्हणजे जुनं स्टोअर; त्यांनी बसायच्या आधीच तिथल्या बटणाला नावं ठेवून घेतली.

"मी बोलतो ते डॉक्टरांना कळणार नाही ना?"

"नाही काका. शब्द देते."

"मग ऐका." काका पुढे सरकले. "माझा भाऊ धडधाकट होता. खोकायचा, पण दोन वेळा पोटभर जेवायचा. रिपोर्ट आला, रोग आहे म्हणाले, आणि पंधरा दिवसांत गेला. रोगाने नाही गेला, ताई. रिपोर्टने गेला. धसका घेतला त्याने. मी तसला मूर्ख नाही."

"म्हणजे?"

"थुंकीची डबी दिली होती ना मला, सकाळी भरून आणा म्हणून? मी लेकीची भरून आणली." काका स्वतःवरच खूश होऊन हसले. "तिला म्हटलं, घरातल्या एकाचीही लागते. ती बिचारी भोळी, दिली खोकून. तिला काय होतंय? बाळंतपणानंतर जरा वाळलीय, मूल अंगावर पितंय ना. आता माझा रिपोर्ट कोरा येणार. आहे की नाही डोकं?"

ताईंनी शब्द न शब्द उतरवला. पाकीट चिकटवलं, सही केली आणि कपाटात ठेवायला डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेल्या.

"वायरमनना पाठवा," डॉक्टरीणबाई मान वर न करता म्हणाल्या. "पॉझिटिव्ह आहेत. जंतू भरपूर."

ताई दाराकडे वळल्या. उघड्या दारातून बाक दिसत होता. बाकावर काकांची लेक, मांडीवर पाच महिन्यांची मुलगी. ती पोरीच्या पोटावर तोंड टेकवून फुर्र करत होती आणि पोर खिदळत होती. मध्येच लेक तोंड बाजूला करून खोकली. पदराने ओठ पुसले, आणि पुन्हा तेच.

आता काय करावं? बाईंना सांगावं तर दिलेला शब्द मोडतो. काकांना सांगावं तर रिपोर्ट फुटतो. गप्प बसावं तर काका गोळ्या घेऊन जाणार, मोरीत टाकणार आणि वर हसणार. लेक घरी जाऊन पोरीला छातीशी धरणार. ताईंना नियमांचा इतका संताप आला की पाकीट टराटरा फाडावंसं वाटलं. नोकरी गेली तर गेली, आज हे तोंड बंद राहणार नाही, एवढं त्यांनी ठरवून टाकलं. पण आधी काकांनाच एक संधी द्यायची.

काका आत आले, मागोमाग पोरीला घेऊन लेक. डॉक्टरीणबाईंनी सावकाश, चांगल्या शब्दांत सांगितलं. लेकीचे डोळे भरून आले. काकांनी मात्र तिच्या पाठीवर थोपटलं आणि तिच्या डोक्यावरून ताईंकडे बघत चक्क डोळा मारला. बघितलंत, मशीन कसं फसलं!

ताई टेबलापाशी आल्या.

"बाई, माझा शेवटचा प्रश्न राहिलाय. रिपोर्ट ऐकल्यावर विचारायचा."

"तो बाहेर विचारायचा असतो. एकट्याला."

"आज इथेच विचारते."

डॉक्टरीणबाईंच्या भुवया चढल्या. ताईंनी तिकडे बघितलंच नाही. त्यांनी प्रश्नांचा छापील कागद वर धरला.

"काका, हा रिपोर्ट तुम्हाला खरा वाटतो का?"

"छे! साफ खोटा."

"का?"

"का म्हणजे? अहो, कारण ती डबी मुळात..."

काका थांबले. ताई त्यांच्याकडे नुसत्या बघत राहिल्या. ताईंचे डोळे भरले होते आणि त्यांनी ते लपवले नाहीत. काकांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, उतरायला विसरल्यासारखं. मग त्यांची नजर हळूहळू वळली. लेकीची वर आलेली गळ्याची हाडं, सैल झालेल्या बांगड्या. दोन महिने हे सगळं त्यांच्या समोर होतं.

"बाबा? असं काय बघताय?"

"डॉक्टर," काका म्हणाले. "ती थुंकी माझी नाही. हिची आहे. मी हिला फसवून घेतली."

डॉक्टरीणबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

काकांनी पुढे होऊन लेकीच्या मांडीवरून नात उचलली, जवळजवळ हिसकावलीच. "बाबा, अहो!" लेक ओरडली. काकांनी पोरीला छातीशी घट्ट धरलं, आणि तेवढ्यात त्यांना खोकल्याची उबळ आली, दोन महिन्यांची, आतून उपसून येणारी. त्यांची स्वतःची थुंकी तर अजून कुणी तपासलीच नव्हती. त्यांनी तोंड फिरवलं, हात लांब केले आणि पोर ताईंसमोर धरली.

"धरा हिला," ते खोकता खोकता म्हणाले. "आमच्या दोघांपैकी कुणाच्या हातात देऊ नका."

ताईंनी कागद टाकला आणि पोर घेतली. पोर आईकडे झेपावून रडायला लागली. आईने सवयीने दोन्ही हात पुढे केले, आणि ताई एक पाऊल मागे सरल्या.