मालकिणीचा मुलगा

सुएत-लिनने फोन कानाशी धरूनच स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. बाहेरच्या खोलीत, घर भाड्याने बघायला आलेली दिलसरी पुन ही तरुणी टेप लावून भिंत मोजत होती. आईचा पलंग खिडकीपाशी बसेल, असं तिने मघाशीच सांगितलं होतं. इमारतीला लिफ्ट होती, आणि आईचे गुडघे गेले होते.

"नेपाळी आहे ना ती?" पलीकडून मालकीण फुंगबाई म्हणाल्या. "नको गं बाई. सगळ्या मजल्यावर मसाल्याचा वास सुटेल. घर गेलं म्हणून सांग. नेहमीसारखं."

नेहमीसारखं. सुएत-लिनला ते टोचलं. घरांच्या दलालीत हे सगळेच करत. पण मध्यंतरी ऑफिसात एक वकील येऊन बजावून गेला होता की, वंश पाहून घर नाकारणाऱ्या मालकाला जाणूनबुजून हातभार लावणारा दलालही कायद्याने तितकाच दोषी. सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यानंतरही तिने एका पाकिस्तानी कुटुंबाला असंच वाटेला लावलं होतं, आणि तेव्हापासून हाँगकाँगच्या जॉर्डन मेट्रो स्टेशनवर तसा चेहरा दिसला की ती रस्ता बदलत असे.

"मला नाही जमणार, फुंगबाई. तुम्हीच सांगा."

बाईंनी काही म्हणायच्या आत ती बाहेर आली आणि तिने स्पीकर सुरू केला.

दिलसरीने तिथल्या कँटनीज भाषेत, अगदी स्वच्छ, नमस्कार केला. हाँगकाँगमध्येच जन्मलेली ती. फुंगबाई क्षणभर गडबडल्या, मग गोड आवाजात म्हणाल्या, "कसं सांगू पोरी, माझा मुलगाच राहायला यायचाय. कालच ठरलं." आणि फोन बंद झाला.

दिलसरीने टेप गुंडाळली.

"आम्ही घर बघायला गेलो, की मालकांचे मुलगे परत यायला लागतात," ती म्हणाली.

मागच्या गल्लीत आणखी एक घर आहे, असं सुएत-लिन सांगू लागली, पण वाक्य पुरं झालं नाही. ती किल्ल्या या हातातून त्या हातात करत राहिली. दिलसरी दाराशी बूट चढवत होती.

"त्यांना मुलगा नाही."

दिलसरीने मान वर केली.

"मूलबाळच नाही. नेपाळी म्हणून नको म्हणाल्या. माझ्याशी बोलल्या तसं."

"भेदभावविरोधी आयोगापुढे सांगाल हे?"

"मग याआधी मी कोणाकोणाला परत पाठवलं, तेही विचारतील."

"विचारतील ना."

दिलसरीने आपल्या फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं आणि तो खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. सुएत-लिनने दोनदा घसा खाकरला. मग सुरुवात स्वतःच्या नावापासून केली.